नोकरी करून दहावी: रोजच्या दोन तासांत काय करायचं आणि काय सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय एकोणीस, नववीनंतर शाळा सुटली, यंदा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा, फॉर्म भरून मराठी माध्यमातून दहावीला बसताय. दुकानातली नोकरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, म्हणजे रात्रीचे दीड-दोन तास आणि रविवार एवढाच वेळ हातात. लेखी परीक्षेला साधारण बारा आठवडे राहिलेत. गणित आणि इंग्रजीची धास्ती आहे. तुम्ही विचारताय की एवढ्यात पास होता येईल का, आणि कोणता विषय सोडून द्यावा.

विषय एकही सोडायचा नाही. धडे मात्र बिनधास्त सोडायचे. पास होणं या वेळात नक्की शक्य आहे, पण एका अटीवर: पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचं नाही. काम करून शिकणाऱ्यांचा वेळ बहुतेक तिथेच जातो. ‘आधी सगळं एकदा वाचून होऊ दे, मग प्रश्न सोडवू’ असं ठरतं, रात्री पेंगत पेंगत दोन-चार पानं होतात, आणि जानेवारी उजाडतो तेव्हा प्रत्येक पुस्तकाचे पहिले तीन धडे ओळखीचे आणि बाकी सगळं कोरं असतं. वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून ते येतं असं वाटतं. कागदावर लिहायला बसल्यावर दुसरी ओळ सुचत नाही. वेळ कमी असेल तर तो लिहिण्यात घालवायचा, आणि काय लिहायचं हे प्रश्नपत्रिकेचा आराखडा पाहून ठरवायचं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे सातवी-आठवीचं गणित किती शिल्लक आहे. येत्या रविवारी गेल्या वर्षीची बीजगणिताची, म्हणजे गणित भाग १ ची प्रश्नपत्रिका घ्या आणि फक्त पहिले दोन प्रश्न घड्याळ लावून एका तासात सोडवा. ते २० गुणांचे असतात. पाचपेक्षा कमी आले तर पहिले दोन आठवडे ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, शेकडेवारी आणि साधी समीकरणं एवढंच करा. हा वेळ वाया जात नाही, कारण दहावीच्या गणितातल्या निम्म्याअधिक चुका दहावीच्या नसतातच, चिन्हांच्या आणि अपूर्णांकांच्या असतात. दहाच्या पुढे आले तर पाया ठीक आहे, थेट पुढे चला. दुसरी गोष्ट म्हणजे लिहिण्याचा वेग. शाळा सुटून काही वर्षं झाली की हात जड होतो. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा असतो, बाकीचे ४० गुणांचे पेपर दोन तासांचे. शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, तरी सवय नसेल तर पेपर अपुरा राहतो. तिसरी गोष्ट अंतर्गत गुणांची. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता गुणांचा हिशोब. प्रत्येक विषय १०० गुणांचा: ८० लेखी आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात. पास व्हायला ३५ लागतात. गणित आणि विज्ञान यांना मात्र एकत्रित सवलत आहे: दोन्ही मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५. म्हणजे गणितात ३० पडले आणि विज्ञानात ४० असले तरी चालतं. विज्ञानाला दिलेला एकेक तास गणितालाही आधार देतो, म्हणून विज्ञान ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

तुमच्यासाठी मी असं लक्ष्य धरेन: मराठी ६०, हिंदी ५५, सामाजिक शास्त्रे ५५, विज्ञान ४५, इंग्रजी ४२, गणित ३८. गणिताचे ३८ मोठे वाटतात, पण अंतर्गतचे १४ धरले तर लेखीतून हवेत २४, म्हणजे एका पेपरात बारा. आणि दोन्ही पेपरांत पहिल्या दोन प्रश्नांनाच २०-२० गुण असतात, तेही एक आणि दोन गुणांच्या छोट्या उदाहरणांचे. हे नीट लक्षात घेतलं तर धास्ती बरीच कमी होते.

वेळेचा हिशोबही असाच रोकडा करा. सहा दिवस पावणेदोन तास आणि रविवारी पाच तास धरले तर आठवड्याला किमान पंधरा तास होतात, बारा आठवड्यांत १८०. त्यातले तीस तास आजारपण, लग्नकार्य आणि दुकानातल्या जास्तीच्या कामात जाणारच, ते आत्ताच वजा करा. उरले दीडशे. गणिताला ५०, विज्ञानाला ३५, इंग्रजीला २५, सामाजिक शास्त्रांना २२, मराठीला १० आणि हिंदीला ८. वाटणी थोडी मागेपुढे झाली तरी हरकत नाही, पण गणिताचे तास कमी करून मराठीला देऊ नका. मराठीचा अभ्यास करताना बरं वाटतं, म्हणून तो आपोआप वाढतो.

गणितापासून सुरुवात करू. भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत. पर्यायी प्रश्न धरून पेपरात ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात आणि त्यातले ४० गुणांचे सोडवायचे असतात. त्या ६० ची विभागणी अशी: दोन चलांतील रेषीय समीकरणे १२, वर्गसमीकरणे १२, अंकगणिती श्रेढी ८, अर्थनियोजन ८, संभाव्यता ८, सांख्यिकी १२. पुस्तकाच्या क्रमाने गेलात तर सर्वात अवघड दोन प्रकरणं आधी येतात आणि तिथेच माणूस अडकतो. तुम्ही उलटे चला. आधी अर्थनियोजन, मग संभाव्यता, सांख्यिकी आणि श्रेढी. या चौघांचे मिळून ३६ गुण होतात आणि यांत बीजगणिताची उलाढाल फार नाही. त्यानंतर रेषीय समीकरणांतले निश्चयक, कारण निश्चयकाची किंमत काढणं म्हणजे दोन गुणाकार आणि एक वजाबाकी. वर्गसमीकरणांत फक्त दोन गोष्टी: सूत्राने उकल काढणे आणि विवेचकावरून मुळांचं स्वरूप सांगणे. होडी, वेग, वय यांची चार गुणांची शाब्दिक उदाहरणं सोडून द्या.

अर्थनियोजन आधी घ्यायला सांगतो याचं आणखी एक कारण आहे: दुकानात काम करणाऱ्याला जीएसटी नवा नाही. व्यापाऱ्याने १०,००० रुपयांचा माल १८ टक्के दराने घेतला तर भरलेला कर १,८००. तोच माल १२,००० ला विकला तर गोळा केलेला कर २,१६०. सरकारला द्यायचा फरक ३६०, त्यातला निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा, प्रत्येकी १८०. पेपरात दर जो दिला असेल तोच घ्यायचा. बाजारात आज काय दर चालू आहे ते इथे डोक्यात आणू नका.

याच प्रकरणातल्या शेअर्सच्या उदाहरणात एक चूक वर्षानुवर्षं होते. समजा दर्शनी किंमत १०० रुपये, बाजारभाव १२५ रुपये, लाभांश १० टक्के आणि गुंतवणूक १०,००० रुपये. शेअर्स बाजारभावाने मिळतात, म्हणून १०,००० भागिले १२५ म्हणजे ८० शेअर्स. लाभांश मात्र दर्शनी किमतीवर असतो, म्हणून एका शेअरला १० रुपये आणि एकूण ८००. परताव्याचा दर ८ टक्के. मुलं १२५ चे दहा टक्के काढतात, एकूण लाभांश १,००० येतो आणि परतावा बरोबर दहा टक्के दिसतो. उत्तर इतकं गोळीबंद येतं की चुकल्याची शंकाच येत नाही. म्हणून असं उदाहरण सोडवताना पहिल्या दोन ओळींत ‘शेअर्सची संख्या: बाजारभावाने’ आणि ‘लाभांश: दर्शनी किमतीवर’ असं लिहूनच पुढे जा.

संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, पूर्ण लिहा, मनात धरू नका. त्याला आणि घटकांच्या संख्येला गुण असतात. दोन फासे म्हणजे ३६ घटक, तीन नाणी म्हणजे ८. नमुना अवकाश, त्याची संख्या, घटना, तिची संख्या आणि मग भागाकार अशा पायऱ्या रोज एकदा लिहिल्यात की आठवड्यात हे प्रकरण हातात येतं. सांख्यिकीत मध्यक काढताना संचित वारंवारता मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची घ्यायची असते. घाईत त्याच वर्गाची घेतली जाते आणि चार गुणांचं उदाहरण एका आकड्यावरून घसरतं. वर्ग १०–१९, २०–२९ असे तुटक असतील तर आधी ९.५–१९.५ असे अखंड करून घ्या.

भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत, सूत्रांची बाजू आधी: पायथागोरस, निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र, विभाजन सूत्र आणि चढ, आणि महत्त्वमापन. त्रिकोणमितीत ३०, ४५ आणि ६० अंशांचा तक्ता आणि मनोऱ्याची उंची काढण्याचं उदाहरण पुरे. नित्यसमीकरणांच्या सिद्धता सोडा. भौमितिक रचना मात्र सोडू नका, कारण तिथे पाठांतर नाही आणि हाताला सवय झाली की गुण पक्के आहेत. समरूप त्रिकोणाच्या रचनेत आधी कच्ची आकृती काढा, कंपासच्या कंसांच्या खुणा पुसू नका, आणि पेन्सिलीला टोक ठेवा. एक मिलिमीटर जाड रेषेने स्पर्शिका काढली तर ती वर्तुळाला एका बिंदूत शिवते की दोन, हे तपासणाऱ्याला कळत नाही. प्रमेयांपैकी प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, पायथागोरसचे प्रमेय आणि चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात हे प्रमेय, एवढी तीन पक्ष, साध्य आणि सिद्धतेसह लिहून काढा.

दोन्ही भागांत ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटी भरायच्या असतात. त्यांना प्रत्येक पेपरात दोन आणि तीन गुणांचे मिळून ७ गुण आहेत. उदाहरण अर्धं सोडवून दिलेलंच असतं, तुम्ही फक्त गाळलेलं भरता. ज्याला अख्खं उदाहरण येत नाही त्यालाही वरची आणि खालची ओळ पाहून निम्म्या चौकटी भरता येतात. गेल्या चार-पाच वर्षांच्या पेपरांतल्या सगळ्या कृती एका वहीत उतरवून सोडवा. दुसऱ्या कुठल्याही एका तासात गणिताचे इतके गुण हाती लागत नाहीत.

इंग्रजीकडे वळू. भीती असते ती बोलण्याची आणि व्याकरणाची, पण हा पेपर तुम्हाला बोलायला लावत नाही. ८० पैकी पुस्तकातल्या उताऱ्यांना २०, पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यांना १५ आणि कवितांना १० गुण आहेत, आणि हे सगळं समोर छापलेलं असतं. उत्तर कागदावरच आहे, ते शोधायचं आहे. म्हणून धडे पाठ करू नका. रोज एक उतारा घ्या, आधी प्रश्न वाचा, मग उतारा, आणि उत्तराच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून ती ओळ उतरवा. पहिल्या आठवड्यात एका उताऱ्याला चाळीस मिनिटं लागतील, महिन्याने वीस. अडलेले शब्द वहीत लिहा, पण एका उताऱ्याचे पाचच. वीस शब्द लिहिलेली यादी परत कुणी उघडत नाही.

लेखन कौशल्याला २० गुण आहेत आणि ते साच्यावर चालतात. पत्राची मांडणी, बातमीचे मथळा, ठिकाण आणि तारीख, तक्त्यावरून परिच्छेद करणे. तक्त्याच्या प्रश्नात शब्द दिलेले असतात, तुम्हाला फक्त क्रियापद जोडून साधी वाक्यं करायची. लांब वाक्यं लिहायच्या नादात काळ आणि कर्ता-क्रियापद बिघडतं, म्हणून आठ शब्दांच्या पुढे वाक्य जाऊ देऊ नका. कवितेच्या रसग्रहणाचे मुद्देही पेपरातच दिलेले असतात: शीर्षक, कवी, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. प्रत्येक कवितेचा असा पाच ओळींचा तक्ता करून ठेवा. शेवटचा भाषांतराचा प्रश्न ५ गुणांचा असतो. इंग्रजीतले शब्द, वाक्यं आणि म्हण मराठीत आणायची. मराठी माध्यमाच्या मुलांनी हा प्रश्न कोरा सोडलेला पाहिला की वाईट वाटतं. तो पहिल्या अर्ध्या तासातच लिहून टाका.

विज्ञानात गणिताचा धसका असलेल्या माणसाने भाग २ वर जोर द्यावा. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पर्यावरण, हरित ऊर्जा, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे सगळं वाचून समजणारं आहे. तिथून २० ते २२ आणि भाग १ मधून दहा-बारा असं धरा. भाग १ मध्ये अवकाश मोहिमा, आवर्ती वर्गीकरण आणि उष्णता आधी घ्या. त्यानंतर भिंगांच्या किरणाकृती, कारण बहिर्वक्र भिंगाच्या सहा स्थिती एकदा हाताने काढल्या की त्या आयुष्यभर राहतात. गुरुत्वाकर्षणातली गणितं सोडा, पण केप्लरचे तीन नियम आणि वस्तुमान व वजन यांतला फरक लिहिता आला पाहिजे.

पेपराचा साचा दोन्ही भागांना एकच: पहिला प्रश्न १० गुणांचा वस्तुनिष्ठ, दुसऱ्यात ४ गुणांची शास्त्रीय कारणे आणि ६ गुणांचे छोटे प्रश्न, तिसऱ्यात तीन-तीन गुणांचे आठांपैकी पाच, आणि चौथ्यात पाच गुणांचा एक. शास्त्रीय कारणात गुण कसे जातात ते पाहा. ‘सोडिअम केरोसीनमध्ये ठेवतात’ याचं उत्तर पुष्कळ जण ‘कारण तो पेट घेतो’ एवढंच लिहितात. एवढ्याने कारण पूर्ण होत नाही. सोडिअम हा अतिशय क्रियाशील धातू आहे. खोलीच्या तापमानालाच तो हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी तीव्र अभिक्रिया करून पेट घेऊ शकतो. केरोसीनशी त्याची अभिक्रिया होत नाही आणि त्यात बुडून राहिल्याने हवेशी संपर्क तुटतो. अशी तीन सुटी वाक्यं, एकाखाली एक. तपासणाऱ्याला मुद्दा शोधावा लागत नाही. प्रत्येक धड्यातली दोन-तीन कारणं याच पद्धतीने लिहा आणि मग धड्याखालचा स्वाध्याय करा. स्वाध्याय झाला की तो धडा संपला असं समजा.

सामाजिक शास्त्रांत भूगोलाचा पेपर कमी कष्टात सर्वात जास्त देतो. पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचं आहे. नकाशा भरणे ४, नकाशावाचन ४ आणि आलेख ६, मिळून १४ गुण पाठांतराशिवायचे. नकाशावाचनाची उत्तरं नकाशातच असतात. नकाशा भरताना चिन्ह, नाव आणि सूची तिन्ही हवीत. सूची न करता नुसते ठिपके दिले तर गुण कापले जातात. आलेखाला शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं आणि प्रमाण लिहा, आणि प्रमाण ठरवण्याआधी सर्वात मोठा आकडा पाहा, नाहीतर शेवटचा स्तंभ कागदाबाहेर जातो. पेपराच्या आधीच्या चार रविवारी ब्राझीलचा एकेक कोरा नकाशा भरा: ॲमेझॉन, विषुववृत्त, मकरवृत्त, ब्राझीलिया, अवर्षण चतुष्कोन, शेजारी देश. कारणांच्या प्रश्नात स्थान, उंची आणि वारे या तीन गोष्टींवर बहुतेक उत्तरं उभी राहतात. ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव का होत नाही? देशाचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधात आहे आणि तिथले पर्वत फार उंच नाहीत.

इतिहास आणि राज्यशास्त्राच्या पेपरात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण. राज्यशास्त्राचे पाच धडे आटोपशीर आहेत, ते आधी संपवा. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती, २००५ चा माहितीचा अधिकार, असे मुद्दे तुम्ही बातम्यांतूनही ऐकलेले असतात. इतिहासात खेळ, पर्यटन, मनोरंजन आणि प्रसारमाध्यमं हे धडे सोपे. इतिहासलेखनाचे पहिले दोन धडे नावांनी भरलेले आहेत, त्यातून वस्तुनिष्ठ प्रश्नांपुरतं घ्या.

मराठीत भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण, म्हणजे निम्मा पेपर पुस्तकाबाहेरचा. पत्र, जाहिरात, बातमी, कथा आणि निबंध यांचा प्रत्येकी एक नमुना स्वतः लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या. समास, शब्दसिद्धी आणि वाक्प्रचार बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत होतात. हिंदीतही हाच साचा चालतो. तिथे फक्त मराठी वळणाचं शुद्धलेखन शिरतं, तेवढं सांभाळा.

रोजची रात्र कशी बसवायची? आल्याबरोबर जेवून लगेच बसू नका, डोळे मिटतात. शक्य असेल तर आधी पन्नास मिनिटं गणित, मग जेवण, मग चाळीस मिनिटं दुसरा एकच विषय. गणित आधी, कारण दमलेल्या डोक्याने वाचता येतं पण उदाहरण सुटत नाही. झोपण्याआधी दहा मिनिटं कालचं एक उदाहरण पुस्तक मिटून परत सोडवा. सुटलं नाही तर त्या पानाला खूण करा आणि झोपा. रविवारी सकाळी ११ वाजता, परीक्षेच्याच वेळेला, एक पूर्ण पेपर लिहा. पहिले तीन आठवडे अर्धा पेपर चालेल. दुपारी तो तपासा आणि गेलेल्या गुणांपुढे कारण लिहा: आलं नाही, चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. पुढचा आठवडा कशावर घालवायचा ते ही यादीच सांगते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात गाडी कुठे घसरते तेही सांगून ठेवतो. दोन रात्री बुडाल्या की मागचं भरून काढायच्या नादात तिसऱ्या रात्री चार तास बसायचा बेत होतो, तो जमत नाही, आणि मग आठवडाच जातो. बुडालेली रात्र बुडाली. त्या दिवसाचं जे ठरलं होतं तेच करा. दुसरं, रंगीत पेनाने नोट्स काढणं. बारा आठवड्यांत नोट्स काढायला वेळ नाही. बाजारात मिळणारा एक अपेक्षित प्रश्नसंच, पाठ्यपुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरेत. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. तिसरं, मोबाइलवरचे व्हिडिओ. अडलेलं एक उदाहरण समजून घ्यायला ते उत्तम, पण तास-तासभर बघत बसलं की ते पुन्हा वाचल्यासारखंच होतं. शेवटच्या दोन आठवड्यांत नवा धडा उघडू नका.

आता अंतर्गत गुण. १७ नंबरच्या विद्यार्थ्यांना एक शाळा संपर्क केंद्र म्हणून दिलेली असते. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापन तिथेच होतं, आणि हे सगळं लेखी परीक्षेच्या आधी उरकतं. नोकरीमुळे इथे गैरहजर राहून हातातले वीस-वीस गुण घालवणारे दर वर्षी दिसतात. याच आठवड्यात केंद्रावर जा, कोणत्या विषयाला कोणत्या वह्या, स्वाध्याय आणि प्रयोग लागतात ते लिहून घ्या, तारखा विचारा, आणि मंडळाची यंदाची सूचना आणि उत्तीर्णतेचे नियम तिथेच पक्के करून घ्या. वर दिलेली गुणविभागणी २०१८ मध्ये आलेल्या पाठ्यपुस्तकांवरच्या परीक्षेची आहे. प्रश्नपत्रिका विकत घेताना मार्च २०२० पासूनच्याच घ्या, आधीच्या नमुन्यावर वेळ घालवू नका.

सुट्टीचं आजच बोला. अलीकडे लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चालते. पेपर नऊच असले तरी ते साडेतीन आठवड्यांत पसरलेले असतात आणि मध्ये मोकळे दिवस येतात. सकाळच्या पेपरासाठी साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं. मालकाला ‘महिनाभर सुट्टी’ म्हटलं की तो नाही म्हणतो. वेळापत्रक दाखवून पेपराच्या दिवशी पूर्ण सुट्टी आणि आदल्या दिवशी दुपारपासून सुट्टी, असं मागितलं तर बहुतेक जण कबूल होतात. सहसा भाषा आधी, मग गणित, मग विज्ञान, आणि शेवटी इतिहास व भूगोल असा क्रम असतो. गणित आणि विज्ञान यांच्या आधीचे अर्धे दिवस काहीही करून मिळवा. भूगोलाचा नकाशा आणि राज्यशास्त्राचे पाच धडे शेवटच्या मोकळ्या दिवसांतही होतात.

आणि एक-दोन विषय राहिलेच, तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते आणि एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या, सवलतीत अकरावीला प्रवेशही मिळतो. म्हणून परीक्षा चालू असताना एखादा पेपर वाईट गेला तरी पुढच्या पेपराला जायचं टाळू नका. रविवारच्या त्या २० गुणांच्या चाचणीत किती आले ते कळवा, त्यावरून गणिताचे पहिले तीन आठवडे दिवसागणिक बसवून देतो.